घरच्या ईस्टर मेळाव्याची आखणी: मुले, मोठी माणसे आणि अंड्यांचा शोध

आपण विचारले आहे की यंदा ईस्टरला सगळ्या कुटुंबाला घरी बोलवायचे आहे, दहा-बारा मोठी माणसे आणि दोन ते बारा वर्षांची सात-आठ मुले येतील, समारंभी थाट नको, पण मुलांच्या लक्षात राहील असा दिवस व्हावा आणि यजमानांनाही पाहुण्यांत बसता यावे. तर सुरुवात कुठून करावी? कुटुंबातल्या आणि मंडळीतल्या मुलांसाठी असे मेळावे मी बरीच वर्षे भरवत आले आहे आणि माझे ठाम मत असे आहे की दिवसाची आखणी जमलेल्यांतल्या सर्वांत लहान मुलाच्या घड्याळाप्रमाणे करावी. ते मूल केव्हा भुकेजते, केव्हा पेंगुळते, एका जागी किती वेळ रमते हे आधी पाहावे आणि जेवण, खेळ, प्रार्थना या सर्व गोष्टी त्यात बसवाव्यात. मोठ्या माणसांना अर्धा तास मागेपुढे झालेला चालतो. दोन वर्षांच्या मुलाला तो चालत नाही, आणि ते एकदा किरकिरे झाले की त्याचे आईवडील, आजी-आजोबा आणि ओघाने अर्धे घर त्याच्याभोवती अडकून पडते.

तारीख ठरलेलीच असते असे वाटते, पण तिथेही एक विचारणा करून घ्यावी. चर्चच्या गणनेत वसंतसंपात २१ मार्चला धरला जातो आणि त्या दिवशी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढच्या रविवारी ईस्टर साजरा होतो. त्यामुळे पाश्चात्त्य परंपरेत तो २२ मार्च ते २५ एप्रिल या काळात कधीही येऊ शकतो. २०२६ मध्ये तो ५ एप्रिलला आहे आणि २०२७ मध्ये २८ मार्चला. पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरेतल्या बहुतेक ऑर्थोडॉक्स मंडळ्या हेच गणित जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेवरून करतात, म्हणून त्यांचा ईस्टर याच दोन वर्षी अनुक्रमे १२ एप्रिल आणि २ मे रोजी येतो. लग्नसंबंधांमुळे आपल्या कुटुंबात दोन्ही परंपरांची माणसे असतील, तर कोणाचा ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ अजून संपलेला नाही हे जेवण ठरवण्याआधीच समजून घ्यावे. त्याचप्रमाणे कोण पहाटेच्या उपासनेला जाणार आहे, कोण सकाळच्या, आणि कोण आदल्या रात्रीच्या जागरणाच्या उपासनेनंतर उशिरा झोपलेले असेल, हेही विचारावे. जागरण करून आलेल्या माणसांना सकाळी नऊला बोलावण्यात अर्थ नसतो.

माझ्या अनुभवात सर्वांत सोयीची वेळ म्हणजे साडेदहा-अकराला जमणे, सव्वाअकराच्या सुमारास अंड्यांचा शोध, साडेबाराला जेवण आणि अडीच-तीनला निरोप. शोध, म्हणजे आत खाऊ किंवा छोट्या वस्तू घालून लपवलेली उघडझापीची अंडी मुलांनी हुडकून टोपलीत गोळा करण्याचा खेळ, जेवणाआधीच घ्यावा, याविषयी माझ्या मनात शंका नाही. जेवणानंतर घेतला तर मोठी मुले ताटावर बसूनही सारखी खिडकीबाहेर पाहत राहतात, धड जेवत नाहीत, आणि लहान मुले ऐन वेळी झोपी जातात. उपासनेहून कोणी उशिरा येणार असेल तर पंधरा-वीस मिनिटे थांबावे, त्याहून अधिक नाही. त्यांच्या मुलांच्या वाटणीची अंडी वेगळी ठेवावीत आणि ती आल्यावर त्यांच्यासाठी पुन्हा लपवावीत. दोन मुलांसाठी दुसऱ्यांदा लपवायला पाच मिनिटे लागतात, आणि तेव्हा आधीची मुले मोठ्या उत्साहाने लपवणाऱ्यांच्या बाजूने कामाला लागतात.

निमंत्रण पाठवताना त्यात चार गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ, कोणी काय आणायचे, आणि मुलांना मातीत-गवतात चालतील असे कपडे घालावेत ही सूचना. संपण्याची वेळ लिहिणे अनेकांना रुक्ष वाटते, पण लहान मुलांच्या आईवडिलांना तिचा फार आधार होतो, कारण त्यांना दुपारच्या झोपेचा हिशेब करायचा असतो. दूध, अंडे, शेंगदाणे, सुका मेवा, गहू यांपैकी कशाची ॲलर्जी आहे का, हे मात्र सामूहिक संदेशात न विचारता प्रत्येक घराला स्वतंत्र विचारावे. सामूहिक प्रश्नाला बहुतेक जण उत्तर देत नाहीत.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे अंड्यांचा शोध. बहुतेक मेळाव्यांत रडारड होते ती इथेच, आणि तिचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते: बारा वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी यांना एकाच वेळी, एकाच मैदानात, एकाच इशाऱ्यावर सोडलेले असते. मोठी मुले दोन मिनिटांत सगळीकडे फिरून टोपल्या भरतात. तीन वर्षांच्या मुलाचे वागणे नीट पाहिले आहे का? त्याला पहिले अंडे सापडते, ते तिथेच फतकल मारून बसते, अंडे उघडते, आतली वस्तू बाहेर काढते, पुन्हा आत ठेवते, झाकण लागत नाही म्हणून कोणाकडे तरी घेऊन जाते, आणि ते परत येईपर्यंत आसपासची सर्व अंडी नाहीशी झालेली असतात. त्याच्या दृष्टीने हा शोध एका अंड्यातच पूर्ण झालेला होता. आपण मोठी माणसेच त्याची रिकामी टोपली पाहून हळहळतो आणि ती हळहळ पाहून त्याला रडू फुटते.

यावर तीन उपाय एकत्र वापरावेत. प्रत्येक मुलाला किती अंडी मिळणार हे आधीच ठरवून जाहीर करावे. आठ ते दहा पुरेशी होतात. आठ मुले असतील तर ऐंशी अंडी लपवावीत आणि दहा हाताशी राखून ठेवावीत. दहा सापडली की त्या मुलाचा शोध संपला, आणि त्यानंतर त्याने इतरांना शब्दांनी दिशा दाखवायची, हात लावायचा नाही. हा नियम मोठी मुले आनंदाने पाळतात, कारण जाणकाराची भूमिका त्यांना आवडते. दुसरा उपाय जागा वाटून देण्याचा: चार वर्षांखालील मुलांसाठी दोरी किंवा चादर टाकून एक कोपरा राखावा, तिथे अंडी गवतावर, पायरीवर, खुर्चीवर उघडीच ठेवावीत, आणि त्यांना इतरांच्या पाच मिनिटे आधी सोडावे. पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी अंडी अर्धवट दिसतील अशी, त्यांच्या खांद्याच्या उंचीखाली ठेवावीत. नऊच्या पुढच्या मुलांसाठी मात्र खरोखर लपवावीत, नाही तर त्यांचा अपमान होतो.

तिसरा उपाय रंगाचा आहे आणि मुलांच्या वयात फार अंतर असेल तर तो सर्वांत उपयोगी पडतो. प्रत्येक मुलाला एक रंग किंवा चिन्ह द्यायचे, आणि त्याने फक्त तेच अंडे उचलायचे. निळ्या रंगाची दहा अंडी सर्वांत मोठ्या मुलासाठी अवघड जागी आणि पिवळी दहा सर्वांत लहान मुलीसाठी सोप्या जागी लपवता येतात, दोघे एकाच अंगणात फिरतात आणि कोणी कोणाच्या वाट्याला जात नाही. रंग कमी पडले तर त्याच रंगावर ठिपका, रेघ, फूल असे काहीही काढावे. एका मोठ्या बक्षिसाचे एकच सोनेरी अंडे ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, पण घरगुती मेळाव्यात मी ती ठेवत नाही आणि आपणही ठेवू नये असे मला वाटते. एका मुलाच्या आनंदासाठी सात मुले हिरमुसतात आणि ती सातही आपल्याच घरची असतात. ठेवायचेच असेल तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला एक याप्रमाणे सोनेरी अंडी ठेवावीत.

लपवताना जागांची यादी आणि एकूण संख्या कागदावर लिहून खिशात ठेवावी. शोध संपल्यावर किती अंडी परत आली हे मोजावे आणि उरलेली यादीवरून शोधून काढावीत. हे काम एखाद्या आजोबांकडे द्यावे. ते खुर्चीवर बसून कागद सांभाळतात, मुले त्यांच्याकडे येऊन टोपली मोजून घेतात, आणि ज्यांना धावपळ झेपत नाही त्यांना खेळाच्या मध्यभागी जागा मिळते.

अंड्यांच्या आत काय ठेवायचे याविषयी एवढेच सांगेन की सर्व अंड्यांत चॉकलेट भरू नये. दहापैकी तीन-चारांत गोड पदार्थ असला की पुरतो. बाकीच्यांत चिकटचित्रे, खोडरबर, बिया, खडू, एखादी चिठ्ठी असावी. मला सर्वांत आवडणारा प्रकार असा: चाळीस-पन्नास तुकड्यांचे एक जोडचित्र घ्यावे, त्याचे तुकडे सगळ्या मुलांच्या अंड्यांत थोडे थोडे वाटून टाकावेत, आणि शोध संपल्यावर ते मोठ्या टेबलावर जोडायला सांगावे. चित्र पूर्ण व्हायला प्रत्येकाचे तुकडे लागतात, त्यामुळे सर्वांत लहान मुलाच्या हातातला तुकडा अचानक सर्वांना हवासा होतो, आणि जेवण वाढून होईपर्यंतची वीस मिनिटे शांततेत जातात. मात्र हे तुकडे चार वर्षांखालील मुलांच्या अंड्यांत टाकू नयेत. त्यांना मोठ्या आकाराचा एखादा तुकडा हातात द्यावा.

येथे सुरक्षिततेची गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे. चार वर्षांखालील मुलांच्या घशात अडकू शकतील अशा वस्तूंमध्ये कडक गोळ्या, जेलीच्या गोळ्या, छोटी सबंध चॉकलेट-अंडी, दाणे, लाह्या आणि अख्खी द्राक्षे या सर्वांचा समावेश होतो. द्राक्षे द्यायची असतील तर उभी चार भागांत चिरून द्यावीत. बटणाच्या आकाराच्या बॅटऱ्या असलेली चमकती खेळणी आणि छोटी लोहचुंबके अंड्यांत अजिबात घालू नयेत. ती गिळली गेल्यास पोटाला आणि अन्ननलिकेला गंभीर इजा होते. घरात कुत्रा असेल तर शोधाच्या वेळी त्याला आत ठेवावे आणि राहिलेले अंडे सापडेपर्यंत अंगणात सोडू नये, कारण चॉकलेटमधील थिओब्रोमाइन कुत्र्यांना विषारी असते आणि मनुकेही त्यांना घातक ठरतात. मांजर असेल तर ईस्टरला भेट म्हणून येणारी पांढरी लिली घरात ठेवू नये; तिचे पान, फूल, पराग किंवा फुलदाणीतले पाणी पोटात गेले तरी मांजराचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. पाहुण्यांना हे ठाऊक नसते, म्हणून निमंत्रणातच कळवावे.

खरी उकडलेली अंडी रंगवण्याचा कार्यक्रम शनिवारी घरच्या मुलांबरोबर करावा. रविवारी सर्व मुलांना रंगवायला बसवले तर कपडे, टेबल आणि वेळ तिन्ही हातचे जातात. अंडी पातेल्यात एका थरात ठेवून ती बोटभर बुडतील इतके गार पाणी घालावे, उकळी आली की आच बंद करून झाकण ठेवावे आणि मोठ्या अंड्यांसाठी बारा मिनिटे थांबून ती थंड पाण्यात काढावीत. फार वेळ उकळली तर पिवळ्या बलकाभोवती हिरवट-करडे कडे दिसते. ते लोह आणि गंधक यांच्या संयुगाचे असते, अपायकारक नसते, पण मुले असे अंडे खात नाहीत. अगदी ताज्या अंड्यांपेक्षा आठवडाभर जुनी अंडी सोलायला सोपी जातात. अर्धा कप गरम पाण्यात एक चमचा व्हिनेगर आणि खाद्यरंगाचे दहा ते वीस थेंब घातले की रंग तयार होतो; आम्लामुळे रंग कवचावर चांगला धरतो. नैसर्गिक रंग हवे असतील तर कांद्याच्या सालींच्या काढ्यात नारिंगी ते तांबूस, हळदीत पिवळा, बिटात गुलाबी आणि जांभळ्या कोबीच्या काढ्यात, आश्चर्य वाटेल पण, निळा रंग येतो. हे रंग चढायला वेळ लागतो, म्हणून अंडी काढ्यात बुडवून रात्रभर शीतकपाटात ठेवावीत.

मुलांना सर्वांत भुरळ पडते ती पांढऱ्या मेणखडूची. कोरड्या पांढऱ्या अंड्यावर पांढऱ्याच मेणखडूने नाव लिहिले तर काहीही दिसत नाही. अंडे निळ्या रंगात सोडले की मेण लागलेल्या जागी रंग चढत नाही आणि नाव हळूहळू उमटते. पाच वर्षांचे मूल कपावर वाकून, श्वास रोखून ते पाहते, आणि मग घरातल्या प्रत्येकाच्या नावाचे एकेक अंडे झालेच पाहिजे असा हट्ट धरते. तो हट्ट अवश्य पुरवावा. ही नावाची अंडी रविवारी जेवणाच्या टेबलावर ज्याच्या त्याच्या ताटाशी ठेवली की कोणी कुठे बसायचे हे आपोआप ठरते आणि सजावटही होते.

ही खरी अंडी अंगणात लपवण्यासाठी मी वापरत नाही. उकडलेले अंडे शीतकपाटाबाहेर एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहिले, किंवा तापमान ३२ अंश सेल्सियसच्या वर असताना एका तासापेक्षा जास्त राहिले, तर ते खाऊ नये. तडकलेले आणि मातीला लागलेले तर नाहीच. लपवायला उघडझाप होणारी प्लास्टिकची, लाकडी किंवा कागदी लगद्याची अंडी घ्यावीत आणि ती दरवर्षी पुन्हा वापरावीत. टेबलावरच्या नावांच्या अंड्यांनाही हाच दोन तासांचा नियम लागतो, म्हणून ती पाने मांडतानाच बाहेर काढावीत.

जेवणाबद्दल थोडक्यात. एक मुख्य पदार्थ यजमानांनी करावा, आणि तो आदल्या दिवशी करून गरम करता येईल किंवा गार खाता येईल असा असावा. बाकीचे पदार्थ पाहुण्यांना वाटून द्यावेत, पण "काहीतरी घेऊन या" असे म्हणू नये. एका घराला पाव, दुसऱ्याला कोशिंबीर, तिसऱ्याला फळे, चौथ्याला गोड असे नेमके सांगावे, नाही तर पाच केक येतात आणि कोशिंबीर एकही नसते. कोकराचे मांस भाजणार असाल तर सबंध तुकड्याचे आतले तापमान ६३ अंश सेल्सियस झाल्यावर ते तीन मिनिटे तसेच राहू द्यावे. कोंबडीसाठी ७४ अंश गाठलेच पाहिजेत. मुलांना आधी आणि बसवून वाढावे, त्यांच्या टेबलावर एक मोठे माणूस आळीपाळीने असावे, आणि त्यांचे झाले की मोठ्यांनी निवांत बसावे.

कुटुंबात श्रद्धावान, कमी श्रद्धावान आणि इतर धर्मांतून आलेली अशी सर्व माणसे असतात. तरीही ईस्टर हा ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण आहे हे मुलांना सांगितल्याशिवाय त्यांना नुसती अंडी वाटणे मला पटत नाही. जेवणाआधी दोन-तीन मिनिटे पुरतात. घरातल्या सर्वांत वयस्क व्यक्तीने मेणबत्ती लावून, स्त्रिया पहाटे कबरीपाशी गेल्या आणि ती रिकामी होती, एवढी कथा साध्या शब्दांत सांगावी. एक रिकामे अंडे जवळ ठेवून ते मुलांना उघडायला द्यावे, म्हणजे चार वर्षांच्या मुलालाही कथा हाताने कळते. उपवासकाळात पूर्वी अंडी वर्ज्य असत, कोंबड्या मात्र अंडी घालतच असत, त्यामुळे ईस्टरला घरोघरी अंडी साठलेली असत, ही माहिती नऊ-दहा वर्षांच्या मुलांना फार आवडते.

त्यानंतर टेबलावरच अंडी टकरवण्याचा खेळ घ्यावा. ग्रीक आणि इतर ऑर्थोडॉक्स घरांत तो लाल रंगवलेल्या अंड्यांनी खेळतात: एकाने "ख्रिस्त उठला आहे" असे म्हणून आपल्या अंड्याचे टोक दुसऱ्याच्या अंड्यावर आपटायचे, दुसऱ्याने "खरोखर उठला आहे" असे उत्तर द्यायचे, आणि ज्याचे अंडे शेवटपर्यंत अभंग राहील त्याचे वर्ष शुभ जाते असे मानतात. या खेळात आजी आणि नात समान पातळीवर असतात, कारण ताकदीचा किंवा वेगाचा त्यात फायदा नसतो. फुटलेली अंडी तिथेच सोलून खाता येतात. जेवणानंतर मुलांना बाहेर काही हवे असेल तर उतारावरून किंवा गवतावरून लांब दांड्याच्या चमच्याने अंडे घरंगळत नेण्याची शर्यत लावावी. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाच्या हिरवळीवर १८७८ साली सुरू झालेला प्रसिद्ध कार्यक्रम याच खेळाचा आहे. याहून अधिक खेळ आखू नयेत. मुले एकमेकांत रमली असतील तर त्यांना हाक मारून नव्या खेळाला बोलावणे म्हणजे चालू असलेला चांगला खेळ मोडणे होय.

पावसाची शक्यता असेल तर शोध घरात घ्यावा आणि स्वयंपाकघर, न्हाणीघर व औषधांचे कपाट असलेली खोली पूर्ण बंद ठेवावी. घरात जागा कमी असते, म्हणून अंड्यांची संख्या निम्मी करून मोठ्या मुलांसाठी चिठ्ठ्यांचा शोध लावावा: एका अंड्यातली चिठ्ठी पुढच्या जागेकडे नेते, तिथली त्यापुढे, आणि पाच-सहा चिठ्ठ्यांनंतर सगळ्यांसाठीचा खाऊ एकत्र सापडतो. चिठ्ठ्या वाचता येणाऱ्या प्रत्येक मुलाबरोबर एक लहान मूल जोडून द्यावे.

निरोपाच्या वेळी प्रत्येक मुलाची टोपली एका पिशवीत रिकामी करून त्यावर नाव लिहावे, आणि उघडझापीची अंडी परत मागून घ्यावीत. ज्या उकडलेल्या अंड्यांना कवच शाबूत आहे आणि जी वेळेत शीतकपाटात परत गेली, ती उकडल्याच्या दिवसापासून आठवडाभरात संपवावीत. आजोबांच्या यादीतली एखादी जागा अजून रिकामी झाली नसेल, तर पाहुणे बाहेर पडण्याआधी ज्याने तिथे अंडे लपवले त्यालाच पाठवावे, कारण दुसऱ्या दिवशी ती जागा त्यालाही आठवत नाही.